मनोऱ्यावर अडकलेला विल्या

सारजाबाईला सुरात वाचता यायचं. बिनसुराचं वाचायला गेली की तिची जीभ अडखळायची.

ह्याचं मूळ तिच्या बापाशी होतं. मारुंजीच्या देवळात सावळाराम दर श्रावणात पोथी लावायचा. चाळिशी उलटली नाही तोच त्याच्या डोळ्यांत फूल पडलं आणि अक्षरं पुसट व्हायला लागली. मुलगा असता तर त्याला शिकवून तयार केला असता. मुलगा नव्हता, म्हणून धुळीत बोट फिरवून त्यानं सारजेला अक्षरं शिकवली. ती त्याच्या मांडीला लागून बसायची, पुटपुटत ओळ वाचायची आणि बाप ती ओळ सुरात उचलायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, सावळारामच वाचतोय. बापानं तिला वाचनाचे नियमही शिकवले होते. पोथीत पुढचं पान आधी उलटून बघायचं नाही. लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही. आणि पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

चाकणच्या अलीकडे कोसभरावर असलेल्या ह्या गावात धर्माजीची बायको होऊन ती आली, तेव्हा सुनेला वाचता येतं हे सासूला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा गुळाच्या ढेपेभोवतीचा कागद सोडताना सारजाबाई त्यावरची खोकल्याच्या औषधाची जाहिरात सुरात म्हणत होती. अंबूबाई दारात थबकली. आधी तिला वाटलं, सुनेच्या अंगात आलं. खरं काय ते कळल्यावर मात्र तिनं सगळ्या आळीला बोलावून आणलं. तेव्हापासून श्रावणातल्या दुपारी धर्माजीच्या पडवीत पोथी लागायला लागली आणि अंबूबाई पहिल्या जागेवर बसायला लागली.

ते दोन वर्षांमागच्या श्रावणापर्यंत चाललं. त्या श्रावणात पोथी निम्म्यावर आली असताना भावकीत माणूस गेलं. सुतकात पोथीला कोण हात लावणार? सुतक फिटलं, पण तोवर श्रावण संपला होता आणि पोथी तशीच फडक्यात बांधून फळीवर गेली. पुढं आश्विनात लेक शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल झालं, पण रडलंच नाही.

सारजाबाईला कुणी बोललं नाही. फक्त अंबूबाई एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "पोथी अर्धी ऱ्हायली व्हती."

तेवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. तिला काढायची गरजही नव्हती. सारजाबाई ते वाक्य रोज भाकरीबरोबर थापत होती. पुढच्या श्रावणात घसा बसलाय म्हणाली आणि पोथी खाली काढलीच नाही.

आता शालनला पुन्हा दिवस गेले होते. दुसरं बाळंतपण सासरी करायचं, पण तळवड्याला तिला सासू नव्हती. जावई ज्योतीराम पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात लागलेला, त्याच्या शिफ्टा सकाळ-दुपार फिरत्या. म्हणून चैत्र लागता लागता त्यानं शालनला बैलगाडीनं माहेरी आणून सोडलं. गाडीतून तिच्यासाठी खारकेची पुडी काढली आणि सासूपुढं एक जाड पुस्तक ठेवलं.

"मामी, तुमच्यासाठी. कॅम्पातल्या सिंधी वाण्याकडं रद्दीच्या ढिगात पडलं व्हतं. पुड्या बांधायला घेतलेलं. म्हनलं, फाडू नका, आमच्या मामी वाचत्यात."

"कसली पोथी हाय?"

"पोथी न्हाई वो. पोरासोरांचं पुस्तक. समुद्र हाय, गलबतं हायेत. जुनं, नावाजल्यालं हाय म्हनं. विलायतेतल्या कुणीतरी लिवलेलं, आपल्याकडच्यानं मराठीत आणलंय."

वरचा पुठ्ठा फाटला होता, नाव कुठंच दिसत नव्हतं. खालचा पुठ्ठा मात्र जागेवर होता. सारजाबाईनं पुस्तक हातात घेतलं आणि तिच्या मनावरचं काहीतरी उतरलं. ही पोथी नव्हती. त्यात देव नव्हता, नवस नव्हता, नियम नव्हता. मनात येईल तिथं मिटलं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. लेकीला दुपारी करमणूक हवी होती आणि तिला स्वतःलाही वाचायची भूक लागली होती, हे तिला तेव्हा कळलं.

कांदे काढायचे दिवस होते. उपटलेला कांदा अंगणात लिंबाखाली आणून टाकायचा, बायकांनी गोलात बसून विळ्यानं पात कापायची आणि साफ कांदा पाटीत टाकायचा, असं दुपारभर चालायचं. त्या गोलाच्या कडेला शालनला पोत्यावर बसवून सारजाबाईनं पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून सूर लागला.

समुद्रकाठच्या एका गावात विली नावाचा पोरगा. बाप होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. सगळे म्हणत, बुडाला. पोराला पटत नव्हतं. एक दिवस पहाटे तो आईला न सांगता एका मिठाच्या गलबतात लपून बसला आणि बापाला शोधायला निघाला. पोथीच्या चालीत मिठाचं गलबत निघालं, कप्तान गरजला, शिडं फुगली.

बायकांचे विळे थांबले.

"आये न्हाई का त्याला?" शेजारची ठकुबाई म्हणाली.

"हाय की. आत्ताच न्हाई का वाचलं, दारात उभी व्हती हात पुसत."

"मग जाताना खायाला काय बांधून नेलं त्यानं?"

सारजाबाईनं मागची ओळ पुन्हा पाहिली. "त्ये लिवलं न्हाई."

"लिवलं न्हाई म्हंजी? पोरगं पळून चाललं तर दुरडीतली भाकर तरी घिऊन जाईल का न्हाई?"

"गप ऐक की गं," अंबूबाई दटावून म्हणाली. पण थोड्या वेळानं तिचीच शंका निघाली. "सारजे, आंगावर एकच सदरा हाय म्हन की त्येच्या. धुतो कवा त्यो?"

रोज दुपारी असंच चालायचं. विलीचा दुसऱ्याच दिवशी विल्या झाला. विल्या वादळात सापडला की कुणी कांद्याचं निमित्त करून डोळ्याला पदर लावी आणि दुसरी विचारी, "कांद्याचं पानी हाय का विल्याचं?" कप्तान पोराला दोरखंडानं मारायचा, त्याला ठकुबाईनं अशा शिव्या दिल्या की शालन पोट धरून हसली. लेक हसली की सारजाबाईचा सूर चढायचा.

पण घरात चूल फुंकताना ती मनाशी त्या पुस्तकाशी भांडायची. लिहिणाऱ्याला गलबताच्या दोऱ्यांची नावं ठाऊक होती, वाऱ्याच्या दिशा ठाऊक होत्या. पहिल्या पानावर दारात उभ्या केलेल्या बाईला मात्र तो साफ विसरला होता. नवरा गेला, पोरगा गेला, ती अजून दारातच. आत तरी गेली की नाही, भाकरी कुणासाठी टाकली, हे विचारायला तो एकदाही मागं वळला नाही. तरीही दुपार कधी होते असं तिला व्हायचं. तिनं समुद्र पाहिला नव्हता. इंद्रायणीच्या पुरापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. आणि पुस्तक उघडलं की खारं वारं तिच्या तोंडावर यायचं, हे तिला नाकारता येत नव्हतं.

सगळं नीट चाललं असतं. पण एका दुपारी ती बसायला आली, तर पुस्तक लाल फडक्यात बांधलेलं, वर हळदकुंकू, आत खुणेला मोरपीस.

"आत्याबाई, ह्ये काय? ही पोथी न्हाई."

"पाच बायका बसत्यात, तू सुरात वाचतीस, पोटुशी पोर ऐकती," अंबूबाई शांतपणे म्हणाली. "आनि पोथी काय येगळी आसती? आता लावलीस, तर शालीचं व्हायच्या आत पुरी कर. आवंदा अर्धी ठिवू नगं."

ज्यातून सुटायला तिनं हे पुस्तक धरलं होतं, तेच पुन्हा समोर येऊन बसलं होतं. खुळेपणा आहे, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण आश्विनातलं ते न रडलेलं मूल तिनं स्वतःच्या हातांनी फडक्यात गुंडाळलं होतं. तिला धोका पत्करायचा नव्हता. त्या दिवसापासून ती जास्त वाचायला लागली. पण सवयीप्रमाणं पुढचं पान मात्र तिनं कधी उलटून पाहिलं नाही.

तोवर विल्या एका ओसाड खडकावरच्या दिव्याच्या मनोऱ्यावर पोचला होता. बाप इथं कधीतरी येऊन गेला होता, त्याची टोपी त्याला खिळ्याला अडकवलेली सापडली. पण वर चढताना लाकडी जिना कुजून खाली कोसळला, होडी लाटांनी ओढून नेली आणि पोरगं वर अडकलं. पाणी चढत होतं.

"उद्या उतरंल," सारजाबाई मोरपीस ठेवत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीलाच शालनच्या कळा सुरू झाल्या.

सुईण छबूबाई आली. दोन पिढ्या तिच्या हातून जन्मलेल्या. तिनं आतल्या खोलीत घोंगडी पसरली, पाणी तापवायला सांगितलं आणि उन्हं माथ्यावर आली तेव्हा बाहेर येऊन धर्माजीला म्हणाली, "बैल लांब सोडू नका. दवाखान्याला गाडी जुपायला लागंल असं न्हाई, पर जवळ आसू द्या." हे ऐकल्यावर धर्माजी गोठ्यात गेला आणि तिथंच बसून राहिला.

सारजाबाई आत लेकीचा हात धरून होती. छबूबाईनं तिला दंडाला धरून उठवलं.

"तू भाईर हो."

"मी काय करते? नुसती बसलीय."

"तू दिसली की पोर रडती. रडली की जोर सोडती. भाईर हो म्हनते ना!"

ती उंबऱ्याशी आली. अंगणात लिंबाखाली बायका नेहमीसारख्या कांद्याशी बसल्या होत्या. हात चालू होते, तोंडं बंद. अंबूबाईनं लाल फडकं सोडलं आणि पुस्तक सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"आत्ता? आत्याबाई, माझं चित्त हाय का जागेवर?"

"थोडं ऱ्हायलंय न्हवं? पुरं कर."

आतून शालनचा आवाज आला, धापा टाकत. "वाच की गं आये. त्यो… उतरला का?"

मग सारजाबाई उंबऱ्याला पाठ लावून बसली आणि तिनं सूर धरला. पाणी मनोऱ्याच्या पायथ्याशी आदळत होतं. विल्यानं तळाशी राहिलेलं तेल ओतून दिवा पेटवला. दूर कुठंतरी काळं गलबत दिसल्यासारखं झालं आणि नाहीसं झालं. तेल संपलं. दिवा विझला. विल्यानं सदरा फाडून त्याचा दोर केला, खांबाला बांधला आणि काळोखात खाली पाय सोडले. ओल्या भिंतीला हात लावत लावत तो खाली—

तिनं पान उलटलं.

समोर पुठ्ठा होता. शिवणीशी फाटलेल्या पानांची दातरी तेवढी उरलेली. वाण्यानं पुस्तक मागल्या बाजूनं फाडायला घेतलं होतं. गाडीतून उतरलेली खारकेची पुडी तिला आठवली. तो कागद तिनंच चुलीत सारला होता. त्यावर काय छापलंय ते बघितलंही नव्हतं.

आत शालन ओरडली. छबूबाईचा आवाज चढला. अंगणातले विळे थांबले आणि अंबूबाईनं मान वर केली.

पुस्तक मिटून, पुढची पानं नाहीत, एवढंच सांगायचं होतं. ते तिच्या ओठावर आलंही. पण मग पोरगं तिथंच लोंबकळत राहिलं असतं, ओल्या भिंतीला हात लावून, आणि आत तिची लेक ऐकत होती. सूर अजून चालू होता, शेवटच्या शब्दावर तिनं तो नुसता लांबवला होता. बाप पुढची ओळ यायची वाट बघत असाच सूर लांबवायचा. ओळ सारजेनं द्यायची असायची.

तिनं पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि ओळ दिली.

खाली उतरत असताना विल्याला उजेड दिसला. कंदील होता. होडीत कंदील होता आणि होडीत त्याची आई होती. दारात उभी राहून तिचे पाय दुखले होते. दिवा पेटलेला तिनं काठावरून पाहिला होता, तशी ती धावली, शेजारच्या कोळणीला हाक मारली, आणि दोघींनी वल्ही मारली. लाट आली, होडी मागं गेली. पुन्हा लाट आली, पुन्हा मागं गेली. आई म्हणाली, सोड हात, मी हाय. विल्या म्हणाला, पाणी लय हाय. आई म्हणाली, मी खाली हाय, सोड.

"सोड!" आतून छबूबाईही काहीतरी तसंच ओरडत होती. सारजाबाई थांबली नाही. सूर तिला ओढून नेत होता. विल्यानं हात सोडला. आईनं त्याला झेलला, आधी कान पिळला, मग पदराखाली घेतला. घरी आणला. चुलीवर हंडा ठेवून पाणी तापवलं, खारं अंग खसाखसा धुतलं, धुतलेला सदरा घातला. गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. त्यानं एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली—

आत मूल रडलं.

आधी बारीक, खरवडल्यासारखं. मग एकदम मोठ्यानं, रागानं. सारजाबाईच्या मांडीवरून पुस्तक घसरून कांद्याच्या पातीत पडलं. कुणी उचललं नाही. ठकुबाई उठून गोठ्याकडं पळाली, "धर्माजीभावजी, बैल सोडा! सोडा बैल!" आणि छबूबाई दारात येऊन कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "पोरगी हाय. लय भांडखोर हाय. शाली चांगली हाय."

सारजाबाईनं बसल्या बसल्याच उंबऱ्यावर कपाळ टेकलं आणि ती हसायला लागली. हसतेय की रडतेय हे बायकांना कळेना. आणि त्या दिवशी कांद्याचं नाव घेऊन तिला चिडवायचं कुणाला सुचलंही नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. तळवड्याची मंडळी आली, ज्योतीराम रजा टाकून आला. पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटल्या आणि मग बायकांनी धरलं. शेवटाच्या दुपारी ज्या हजर नव्हत्या त्यांना विल्या कसा सुटला ते ऐकायचं होतं. सारजाबाईनं लाल फडकं सोडलं. त्या दिवशी काय म्हटलं होतं ते तिला नीट आठवत नव्हतं. आधी कंदील की आधी होडी? कोळण होती की नव्हती?

तिनं सूर लावला आणि पुठ्ठ्यापाशी येऊन अडखळली. ज्योतीराम शेजारीच टेकून उभा होता. त्यानं वाकून पाहिलं.

"मामी, पुढची पानं कुठं हायेत?"

शालन लेकीला मांडीवर घेऊन आईकडं बघत राहिली. सारजाबाईनं पुस्तक मिटलं.

"न्हाईत," ती म्हणाली. "नव्हतीच."

"आँ? मग त्या दिशी काय वाचलंस गं?" ठकुबाईनं तोंडाला हात लावला.

सारजाबाई सासूकडं बघायचं टाळत होती. शेवटी तिनं बघितलं. अंबूबाई घुगऱ्या चघळत होती, सावकाश, मागच्या दातांनी.

"मला तवाच कळलं व्हतं," अंबूबाई म्हणाली.

"तुमास्नी? कसं काय?"

"आगं, येवड्या मोठ्या पुस्तकात कुनी त्या पोराला आंगुळ घातली न्हाई. कुनी ताटावर बसवलं न्हाई. वाळल्या बिस्किटावर हिंडवलं त्याला येवड्या दुनयेत. आन् शेवटाला येकदम हंडाभर पानी तापलं, पिठलं झालं, धुतल्याला सदरा आला!" ती दात नसलेल्या जागेतून हसली. "म्हनलं, ह्ये त्या लिवनाराचं न्हाई. ह्ये आमच्या सारजीचं हाय."

"मग बोलला का न्हाई, आत्याबाई?"

"काय बोलायचं? पुरी झाली न्हवं?"

शालन फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. सारजाबाईच्या खांद्यावरून दोन वर्षांचं काहीतरी खाली आलं. ते इतकं जड होतं हे उतरल्यावर तिला कळलं. तिनं नातीला लेकीच्या मांडीवरून उचलून घेतलं. पोरीनं लगेच भोकाड पसरलं, आणि ते ऐकायला तिला फार बरं वाटलं.

ज्योतीरामला मात्र चैन पडत नव्हती. पुस्तक आपण आणलं आणि तेच फाटकं निघालं, याची त्याला लाज वाटत होती.

"मामी, मी पुण्याला बघतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळंल दुसरं. खरा शेवट काय हाय त्यो तरी कळंल."

"काय नगं," अंबूबाई एकदम म्हणाली. "जावईबापू, पोरगं घरी आलंय. जेवून निजलंय. आता कशापायी त्याला पुन्ना मनोऱ्यावर चढवताय?"

ज्योतीराम सासूकडं बघायला लागला. सारजाबाई नातीला थोपटत होती. तिनं मान हलवली, नको म्हणून, आणि रडणाऱ्या पोरीसाठी सूर धरला.

"आन् सारजे," अंबूबाई म्हणाली, "दोन भाकरी खाल्ल्यावर काय झालं, त्ये ऱ्हायलंच की. मधीच ही बया रडली. तिथनं म्होरं वाच."